ताडपत्रीचं गाव कुठलं

'कृष्णातनाना, आष्टा. लष्करातून सन्मानाने निवृत्त. गुन्हे, स्थळांची चौकशी, हरवलेली जनावरे. गुप्तता हमखास. लॅमिनेशन करून मिळेल.'

*

'तुमचं घर हेच आमचं ऑफिस.' ब्लूमार्ग कंपनी, वेबसाइट, पहिलं पान.

*

चार वर्षांच्या क्रांतीने मोबाइल पुढं केला आणि समोर बसलेल्या आईला म्हणाली, "यात ये की."

*

साताऱ्यातल्या एका जिन्याखाली पाटी आहे : चपला इथे काढाव्यात. तिथे एकही चप्पल नव्हती.

*

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सामान्य माणसाला वाटेल. कृष्णातनानांनाही तसंच वाटलं होतं. फरक एवढाच, की सामान्य माणूस ते कबूल करतो.

स्वतःविषयी बोलताना नाना हात मागं बांधून एसटी स्टँडकडं बघत बोलायचे. "माझी नजर म्हंजे एक्स-रे हाय, सुकुमार. माणूस चपलेतनं कळतो, घर उंबऱ्यातनं कळतं. सरकारला माझी किंमत कळली न्हाई."

सरकारला ती कळली होती. म्हणूनच सरकारने नानांना नोकरीभर लष्कराच्या रेशन गोदामावर ठेवलं. गुप्तचरांची बराक शेजारीच होती. त्यांना डाळ मोजून देता देता आपण त्यांच्यातलेच झालो, अशी नानांची समजूत झाली आणि ती निवृत्तीनंतरही त्यांच्यासोबत आष्ट्याला आली.

सुकुमार हा त्यांचा सहायक. झेरॉक्सचं दुकान, एक मोटारसायकल आणि नाही म्हणता न येण्याचा जुना आजार, एवढी त्याची पात्रता. नानांचं कार्ड त्यानेच फुकट छापलं होतं. लॅमिनेशनची ओळ त्याची.

प्रकरण नानांच्या चुलतभावाच्या घरातलं होतं. भाऊ वारला होता. घरात त्याची बायको बयाबाई, सून राजेश्वरी आणि नात क्रांती. मुलगा मल्हार सैन्यात, सध्या बर्फात. राजेश्वरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. आधी ती आष्ट्यातूनच करायची. मग तिच्या कंपनीला अचानक माणसांची आठवण यायला लागली आणि सगळ्यांना पुण्याला बोलावलं गेलं. राजेश्वरी तिकडे खोली घेऊन राहिली, क्रांती इकडे आजीकडे. वर्षभराने नोकरी सोडून ती परतली, तेव्हा क्रांतीला समोरची बाई पटेना. तिची आई मोबाइलमध्ये राहत होती.

आता राजेश्वरीच्या हातात दोन कंपन्यांचे होकार होते. दोघींचंही म्हणणं एकच, काम कायम घरून. एकीचं नाव ब्लूमार्ग, दुसरीचं ताडपत्री. संस्थापकांना त्या नावातून प्राचीन ज्ञान सुचवायचं होतं. आष्ट्यात लोक तिच्याखाली हळद झाकतात.

"नाना, शुक्रवारपर्यंत एकीला हो म्हणायचंय," राजेश्वरी म्हणाली. "आणि एकीला हो म्हटलं की दुसरी संपली. चुकलं तर परत पुणं."

"सूनबाई, या हातानं तालुक्यात किती लग्नं जुळली हायत, म्हायती हाय न्हवं?"

"कंपनी हाय ती, नाना. नवरा न्हाई."

"पोरीला कुणाच्या हवाली करायचं, सवाल त्योच," नाना म्हणाले आणि तपास सुरू झाला.

सिद्धांत पहिला

स्थळाची चौकशी कशी करतात हे आपल्याकडे शाळेत न शिकवताच येतं. गावी जायचं. स्टँडवर चहा घ्यायचा. सलूनमध्ये दाढी करत घराण्याचं नाव काढायचं. पिठाच्या गिरणीत उगाच उभं राहायचं. शेवटी दारावरून एक चक्कर मारून उंबरा, गोठा आणि मोटारसायकल बघायची. नानांनी हीच पद्धत कंपनीला लावली.

"गाव कुठलं ताडपत्रीचं?"

"गाव नसतंय हो, नाना. सगळे आपापल्या घरनं काम करत्यात," सुकुमार म्हणाला.

"गाव न्हाई, घर न्हाई, आन् पोरगी मागत्यात. लिहून ठेव. संशयित क्रमांक एक."

सुकुमारने कागदपत्रांतून नोंदणीचा पत्ता काढून दिला, ही त्याची चूक. पत्ता साताऱ्याचा होता. दुसऱ्या दिवशी कराडमार्गे दोघं साताऱ्याला निघाले. वेषांतर म्हणून नानांनी काळा गॉगल आणि मफलर घातला होता. ते रोजच घालतात, त्यामुळे वेषांतर फक्त त्यांना जाणवत होतं.

पोवई नाक्याजवळ एका मिठाईच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तो पत्ता निघाला. नाना जिन्याखाली थांबले. पाटी वाचली. जमीन न्याहाळली.

"चपला न्हाईत. कंपनीत सत्तर माणसं म्हणतीया सूनबाई. म्हंजे सत्तर जोड पायजेत."

वर एका सीए बाईंचं ऑफिस होतं. नानांनी आपण उसाचे व्यापारी आहोत असं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"ताडपत्री कंपनी हितंच का?"

"नोंदणी इथली आहे. त्यांचे हिशोब मी बघते."

"आन् माणसं?"

"ती आपापल्या घरी."

"सगळी?"

"सगळी."

नाना सुकुमारच्या कानाशी वाकले. "फरार."

खाली सलूनमध्ये नानांनी दाढी करून घेतली. ती सकाळीच झाली होती. "ताडपत्रीवाल्यांचं नाव कसंय हितं?" त्यांनी साबणातून विचारलं. सलूनवाला म्हणाला, "मार्केट यार्डात जावा. जाड मिळंल." नानांनी अर्थपूर्ण नजरेने सुकुमारकडे बघितलं. समाजात नाव नाही, हे सिद्ध झालं होतं.

परतीच्या वाटेवर कराडला नानांनी एका चहावाल्याची सखोल उलटतपासणी घेतली. चहावाल्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता, आणि तासाभराने ते त्याने पटवूनही दिलं. तोवर सूर्य मावळला. सुकुमार जैन घरातला, सूर्यास्तानंतर जेवत नाही. त्या दिवशी तपासाची किंमत त्याच्या पोटाने भरली.

सिद्धांत चौथा

(दुसरा आणि तिसरा नानांनी आपणहून मागे घेतले. दुसऱ्यात परकीय हात होता. तिसऱ्यात त्याच हाताने हळद विकत घेतली होती.)

ब्लूमार्गच्या चौकशीला पुण्याला जावं लागलं नाही. नानांचा भाचा विश्वजित तिथे गाडी चालवतो. त्याने जाता जाता फोटो काढून पाठवला. सहा मजली काचेची इमारत, दारात दोन वॉचमन, पुढं खच्चून भरलेलं पार्किंग.

नानांनी फोटो असा न्याहाळला, जशी नवऱ्या मुलाची बैलजोडी न्याहाळतात.

"ह्याला म्हंत्यात घराणं. उंबरा बघ. वॉचमन बघ, मिश्या बघ त्येच्या. आन् दारात गाड्या किती."

"पर नाना," सुकुमार म्हणाला, "ह्यांचीबी माणसं घरनं काम करत्यात न्हवं? मग गाड्या कुणाच्या?"

नाना थांबले. एका क्षणापुरतं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. विचार असावा. मग ते गेलं.

"पाव्हण्यांच्या."

"रोज?"

"मोठ्या घरात रोज पाव्हणं असत्यात. तुमच्यात सूर्य मावळला की दार लावत्यात, तुला काय कळणार."

मग दोन्ही वेबसाइटींवरचे फोटो तपासले गेले. ब्लूमार्गची माणसं एकाच जिन्यावर एकसारखे टी-शर्ट घालून एकाच वेळी हसत होती. ताडपत्रीची माणसं वेगवेगळ्या चौकटींत होती. एकाच्या मागे मांजर, एकीच्या मागे कुकर.

"एकत्र फोटो न्हाई. भावकीत वाद हाय," नाना म्हणाले, आणि प्रकरण मिटवून टाकलं.

निकाल

शुक्रवारी दुपारी नाना बयाबाईंच्या सोप्यात खुर्ची मधोमध ओढून बसले. आत राजेश्वरी क्रांतीला न्हाऊ घालत होती, म्हणून निकाल मोठ्याने द्यावा लागला. त्यांनी चपलांपासून सुरुवात केली. बयाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

"तवा वैनी, ताडपत्री म्हंजे घरदार नसलेली टोळी. ब्लूमार्ग म्हंजे सहा मजली खानदान. सूनबाईनं डोळं झाकून हो म्हणावं."

"बरं, नाना," आतून आवाज आला. "मलापण तीच बरी वाटतीया. मोठी हाय. डोकं पुसून झालं की कळवते."

तेवढ्यात राजेश्वरीचा फोन वाजला. बयाबाईंनी पदराला हात पुसून तो उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला.

"गुड आफ्टरनून. ब्लूमार्गमधून बोलतेय. राजेश्वरी मॅम आहेत का?"

"न्हाऊ घालतीया पोरीला. मी सासू. काय काम हुतं?"

"अच्छा, काकू. त्यांचा निर्णय झाला का, एवढंच विचारायचं होतं. आम्ही फार वाट बघतोय."

"हुईल की. मला येक सांग बाई, पंचमीला सोडता का?"

"सॉरी?"

"नागपंचमी. सून कोरेगावची हाय. पंचमीला माहेरी जाती. मागच्या कंपनीनं सोडली न्हाई, तिची आई रडत बसली हुती फोनवर. तुमच्यात कसं हाय?"

फोनमधल्या मुलीने कीबोर्डवर काहीतरी बडवलं. "नागपंचमी... सोमवार आहे, काकू. सोमवारी त्यांच्या टीमचा ऑफिसचा दिवस असतो. पण टीम लीडशी बोलून बघता येईल."

बयाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हाफिसचा? कुठल्या हाफिसचा?"

"पुण्याच्या. पहिले तीन महिने पूर्ण घरून, ते पंचमीच्या आतच संपतील. मग आठवड्यातून फक्त तीन दिवस ऑफिस."

"घरनं काम असं लिव्हलंय म्हणं."

"हो ना, काकू. घरूनच. उरलेले दोन दिवस."

न्हाणीतला पाण्याचा आवाज बंद झाला होता. राजेश्वरी ओल्या हातांनी दारात उभी होती, टॉवेलात गुंडाळलेली क्रांती तिच्या कडेवर.

"ठीक हाय, बाई. जेवलीस का?" बयाबाईंनी विचारलं. मुलगी हो म्हणाली. फोन ठेवला गेला.

राजेश्वरी खाली बसली आणि क्रांतीचं डोकं गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिली.

"मी आत्ता हो कळवणार हुते, आत्या," ती सासूबाईंना म्हणाली.

"मग त्या दुसऱ्यांस्नीबी इचार की. इचारायला काय जातंय."

सुकुमारने नानांकडं बघितलं. सातारा, दाढी, गॉगल आणि कराडचा चहावाला, सगळं झालं होतं. कंपनीला फोन करून विचारणं राहून गेलं होतं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरात पंचमीचा वार तपासत होते.

राजेश्वरीने ताडपत्रीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, ऑफिस नाही, घ्यायचा विचारही नाही. वर्षातून एकदा सगळे चार दिवस एकत्र जमतात, मुलांना आणलं तरी चालतं. यंदा कोयनानगरला जमणार आहेत. खात्री करायची तर कामावरच्या कुणाशीही बोला, म्हणून त्याने कुकरवालीचा नंबर दिला. कुकरवाली तिसऱ्या वर्षात होती आणि आजवर ऑफिसला गेली नव्हती. जाणार कुठं, असं तिनेच विचारलं. राजेश्वरीने तिथल्या तिथे ताडपत्रीला होकार पाठवला. क्रांती मांडीतच झोपली होती, म्हणून एकाच हाताने.

"बघितलंस?" घराबाहेर आल्यावर नाना म्हणाले. "माझा संशय पैल्यापासनं त्या बिल्डिंगवर हुता."

"आवं नाना, तुमी तर खानदान म्हणला."

"संशयिताला गाफील ठेवायला लागतंय गड्या."

सुकुमारने मोटारसायकलला किक मारली. नाना मागं बसले, गॉगल लावला, आणि आष्ट्याच्या भर बाजारातून कुणी ओळखणार नाही अशा खात्रीने, दिसेल त्याला हात करत निघाले.

लग्नाआधी राजेश्वरीच्या घरची चौकशी करायला बयाबाईंनी नानांनाच कोरेगावला पाठवलं होतं, आणि ते शेजारच्या घराची चौकशी करून आले होते.