परांड्याच्या किल्ल्यातला हत्ती

आमचे माने गुरुजी दरवर्षी पहिलीच्या पोरांना परांड्याच्या किल्ल्यात नेतात आणि तिथं स्वतः हत्ती होतात. डोक्यावर उपरणं, सोंडेसारखा पुढं केलेला हात, आणि दरवाजातले पारवे उडावेत असा आवाज. माणूस निवृत्तीला आलेला, घरी एकटाच. त्याच शाळेतली शिक्षिका म्हणून मलाही सोबत जावं लागतं. पहिल्या वर्षी तर मी लाजेनं मान खालीच घातली होती.

पण किल्ला शिकवावा तो गुरुजींनीच. सनावळ्या नाहीत की लढाया नाहीत. दरवाजातून धावत सुटायचं आणि वाट एकदम वळते तिथं समोरच्या भिंतीवर आदळायचं. "दुश्मनाच्या हत्तीला पळता पळता वळण जमत न्हाय," भिंतीला टेकून ते सांगतात, "म्हणून बांधणाऱ्यानं वाट वाकडी ठेवली. हाय का न्हाय डोकं?" मग त्या अनोळखी गवंड्याचा पोरांना असा अभिमान वाटतो, जणू तो त्यांचा चुलताच. गोठ्याची वाटही वाकडी करा म्हणून ती घरी बापाच्या मागं लागतात.

या खेळात एक किल्लेदार असतो. तो 'थांब' म्हणाला की हत्तीनं थांबायचं. गुरुजी त्यासाठी वर्गातलं सगळ्यात अबोल लेकरू निवडतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यंदा मुक्ता होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ. शाळेत तिच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नव्हता. गुरुजींनी तिला वळणावर उभं केलं आणि धावत आले. मुक्ता गप्प. हत्ती आदळला, मागं गेला, पुन्हा आला. मुक्ता गप्पच. पोरांचं हसू थांबलं. गुरुजी आता लंगडत होते. पुरे करा, असं मी खुणेनं सांगितलं, पण ऐकतील तर शपथ. ते पुन्हा मागं गेले.

या वेळी मुक्ताच पुढं आली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"बसा की आता, गुरुजी. गुडघं दुखायलेत तुमचं."

गुरुजी पायरीवर मटकन बसले. मुक्ता शेजारी बसून त्यांचा गुडघा दाबू लागली. आमच्या शाळेचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. गुरुजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "थांब समदेच म्हणतेत, बाई. बसा म्हणून कुणी म्हणलं नव्हतं."