अर्ध्या दाढेच्या मुकदम्याची हकीकत

"देवापुढचे कोणी उचलिले तर मोजून ठेवावे, परंतु नाव सांगू नये. भुकेला असेल." ऐसे थोरल्या आईसाहेब अंतकाळी आपल्या सूनबाई सगुणाबाई यांस सांगून गेल्या, आणि सूनबाईंनी ते वाक्य पदरी गाठ मारून ठेविले. श्रीअश्वत्थनारायण, ज्याच्या छायेत चोर आणि साव एकाच पारावर बसतात, त्याचे चरण स्मरून पुढील मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, वार सोमवार. संवत्सराचे नाव ठेवणाराने पुढचे पाहूनच ठेविले असावे.

राज्य लहान. दोन इमारती, सोळा बिऱ्हाडे, मध्ये पिंपळ आणि पिंपळास पार. राज्याचे अध्यक्ष अच्युतराव हसबनीस, शरीराने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार, ज्यांच्या हुकमावाचून टाकीत पाणी चढत नसे आणि कोणाची सायकल कोठे उभी करावी याचे फर्मान नित्य निघत असे. त्यांचे कुटुंब लेकीच्या बाळंतपणास परमुलखी गेले होते, आणि मागे अध्यक्षांस चहा तेवढा करता येत असे. त्याच राज्यात सगुणाबाई, नित्य व्रतस्थ, हळू बोलणाऱ्या, आणि त्यांचे चिरंजीव नीलकंठ. चिरंजीवांनी पाच वर्षे परीक्षांच्या लढाया देऊन तालुक्याच्या शाळेवर शिक्षकाची सनद मिळविली होती. सनद लिहून तयार, कोतवालीतून वर्तणुकीचा दाखला जावयाचा तेवढाच बाकी.

तो सोमवती अमावास्येचा दिवस उगवला आणि सगुणाबाईंनी मौन धरून पिंपळास एकशेआठ प्रदक्षिणा मांडिल्या, आणि फेरीगणिक एक खारीक परातीत ठेवीत चालिल्या. पारावर अध्यक्षांची स्वारी वर्तमानपत्र उघडून बसली होती. बाई झाडाआड गेल्या की अध्यक्षांचा हात परातीत जाई आणि बाई पुढे आल्या की तोच हात पान उलटी. विसावे फेरीस बाईंनी पाहिले की परातीत सतराच. बोलावे तर मौन मोडते, डोळे वटारावे तर तेही एक बोलणेच, मग त्या मनातल्या मनात मोजीत पुढे चालिल्या. त्रेसष्टावे फेरीस त्या झाडामागे असता कट् ऐसा नाद जाहला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तैसा, आणि समोर येऊन पाहतात तो अध्यक्षांनी डावा गाल दाबून धरिलेला, डोळ्यांस पाणी, आणि वर्तमानपत्र उलटे. उरली खारीक त्यांनी अदबीने सदऱ्याच्या खिशात घातली, जेथे आधीच्या बिया होत्या. हाय म्हणावे तर चोरी उघडी होते. ऐसा दुहेरी पेच राज्यकर्त्यास क्वचितच पडतो.

तितक्यात सहासष्टावी फेरी चालू असता नीलकंठ बाजारातून पोळ्याच्या पूजेचे मातीचे बैल घेऊन येते जाहले. दाढेचा ठणका कोठेतरी काढणे प्राप्तच होते. अध्यक्ष बोलिले, "बैल कशाला आणलेस? आज पोळा, बैलांनासुद्धा सुट्टी. एक तुझी आईच तेवढी घाण्याला जुंपलेली दिसते."

नीलकंठ म्हणाले, "काका, शब्द मागे घ्या."

"घेतो की. बैलाचा फेरा पुरा होऊ दे, मग त्यालाच विचारून घेतो."

मग नीलकंठांनी दोन्ही बैल पारावर जपून ठेविले, शिंग मोडू नये ऐसे, आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने अध्यक्षांच्या डाव्या गालावर एक थप्पड दिली. थप्पड मध्यम होती, परंतु मुहूर्त असा की तोंडात साचलेले रक्त बाहेर आले आणि सदऱ्यावर उतरले, आणि अध्यक्ष गर्जते जाहले की, "दाढ पाडली. कार्ट्याने माझी दाढ पाडली." सोळाही बिऱ्हाडांच्या खिडक्या उघडल्या. कोतवालाचे शिपाई आले ते वेळी सगुणाबाईंची एक्याण्णवावी फेरी चालू होती. शिपायांनी रक्ताचा सदरा होता तैसा उतरवून पिशवीत घातला, पिशवीस लाख लाविली, पंचनामा लिहिला, आणि चिरंजीवांस घेऊन चालिले. पोटचा पोर फाटकाबाहेर चालला आणि आईने पाऊल चुकविले नाही. त्र्याण्णवावे फेरीस मात्र पदर डोळ्यांस लागला. एकशेआठ जाहल्यावर परात मोजिली, सत्त्याण्णव भरल्या.

नीलकंठ जामिनावर सुटून घरी आले आणि पुसते जाहले, "आई, तू काय पाहिलंस?"

"तू मारलीस ते पाहिले."

"आणि?"

"आणि मोजले. जेवायला बस."

इकडे कायद्याच्या पोथीत ऐसे आहे की थप्पड मारिली तर साधी दुखापत, परंतु दात मोडला तर हाड मोडल्याबरोबर, गंभीर. सरकारी वैद्याने लिहून दिले की डावी दाढ अर्धी. सनद शाळेत अडकून पडली, आणि शाळेने निरोप पाठविला की फाल्गुनापर्यंत दाखला न आल्यास जागा दुसऱ्यास देऊ. मग भार्गवराव वकील यांस नेमिले. गृहस्थ चतुर, काळा कोट, कागद वाचण्यापेक्षा खलबत करण्यावर भर. त्यांनी मसलत सांगितली, "बाई, तुम्ही एवढेच म्हणा की थप्पड झालीच नाही. चक्कर येऊन पडले असतील."

सगुणाबाई म्हणाल्या, "पण झाली."

"चातुर्मासात खोटे न बोलण्याचे तुमचे व्रत होते ते समजले. पण चातुर्मास उलटला. उद्यापनही झाले म्हणे."

"उद्यापन झाले. आता खोटे बोलावे असे कोणत्या पोथीत आहे ते दाखवा, मी उभ्याने वाचते."

वकिलांनी पाणी मागविले.

सहा तारखा पडल्या आणि माघ मासी मुकदमा न्यायाधीश बाईसाहेबांपुढे उभा राहिला. अध्यक्ष गालावर रुमाल धरून आले. त्यांनी सहा मास दाढ दुरुस्त केली नव्हती. पुरावा आहे, हात लावू नये, ऐसे त्यांस कोणी शहाण्याने सांगितले होते. त्यांचे कुटुंबही नातवाच्या मोहात अद्याप परतले नव्हते. सगुणाबाई साक्षीस उभ्या राहिल्या आणि भार्गवरावांनी, देवावर भरवसा ठेवून, विचारिले, "थप्पड मारली काय?"

"मारली. उजव्या हाताने."

वकील खाली बसले आणि कागद तोंडापुढे धरिते जाहले. नीलकंठ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. बाईसाहेब पुसत्या जाहल्या, "म्हणजे दाढ तुमच्या मुलाने मोडली."

"नाही. थप्पड सहासष्टाव्या फेरीला. दाढ त्रेसष्टाव्या."

"कशाने मोडली?"

"ते मला सांगता येत नाही."

"का?"

"सासूबाईंचे सांगणे आहे, नाव घ्यायचे नाही."

"बाई, इथे सासूबाईंचा कायदा चालत नाही."

"घरी चालतो. घरी जायचे आहे मला." मग त्या हळूच बोलिल्या, "परातीत अकरा खारका कमी भरल्या. सरकारने रक्ताच्या सदऱ्याचा खिसा पाहावा. सदरा कोणाचा ते मी बोलत नाही."

पंचनामा काढिला, आणि जो सहा मास ना सरकारी वकिलाने वाचिला ना आरोपीच्या, तो कारकुनाने मोठ्याने वाचिला, "सदरा एक, पांढरा. खिशात बिया, नग दहा. अर्धवट खाल्लेला जिन्नस, नग एक." मग मुद्देमालाची लाख फोडिली, खिसा उलटा केला, आणि दहा बिया व एक खारीक मेजावर आली, आणि त्या खारकेत, नारळात सुरी अडकावी तैसी, अर्धी दाढ उभी.

बाईसाहेबांनी विचारिले, "हसबनीस, हे काय?"

"खारीक."

"आणि तीत?"

"दाढ."

"कोणाची?"

अध्यक्षांनी जिभेने गालात चाचपून पाहिले आणि म्हणाले, "आमचीच असावी." मग तो भरदार आवाज कोठे गेला कळेना. म्हणाले, "घरात कोणी नव्हतं. चहावर किती राहणार माणूस?"

पिंजऱ्यातून सगुणाबाई बोलिल्या, "मागितल्या असत्या तर भिजवून दिल्या असत्या."

बाईसाहेबांनी हुकूम केला की दाढेचा गुन्हा आरोपीवर लागू होत नाही. परंतु थप्पड त्याच्या आईनेच शाबीत केली आहे, ती साधी दुखापत, तीत शिक्षा होते, आणि शिक्षा झाली तर दाखला नाही. फिर्यादी राजी असेल तरच तडजोड. म्हणजे चिरंजीवांची सनद फिरून अध्यक्षांच्याच हाती आली. भार्गवराव सगुणाबाईंच्या कानी लागले की, "खारकांची गोष्ट गावभर करू म्हणा, पायाशी येतो." बाई म्हणाल्या, "नको. लाजला आहे तो." मग नीलकंठ स्वतःच पुढे जाहले आणि म्हणाले, "काका, आईला बोललात ते वाईटच. पण हात माझा उठला. आई चालत होती, तिनं मान वळवली नाही, आणि मला तेवढा धीर धरवला नाही. चुकलं."

अध्यक्षांनी गालावरचा रुमाल काढून घडी घातला. मग म्हणाले, "माझी जीभही माझीच होती. करतो सही. पण ही दाढ आता काढायची, नवी बसवायची. महिना जाईल म्हणतो वैद्य. पोळी तोडवत नाही मला."

"महिनाभर मऊभात मी आणून देईन."

"तुझी आई देईल म्हण."

"मी. शिजवून."

"तूप?"

"तूपही."

येणेप्रमाणे तह जाहला, उभयतांच्या सह्या पडल्या, आणि दाखला माघ अखेरीस शाळेत पोचला. या मुकदम्यात वकील दोन, शिपाई तीन आणि तारखा सहा खर्ची पडल्या. जिंकले कोण हे विचाराल तर थपडेपुरते दोघेही हरले, दाढेपुरती खारीक जिंकली, आणि ज्या बाईंनी आपल्याच लेकाविरुद्ध खरे सांगितले त्यांच्याच खरेपणावर लेक सुटला. इतके समजून असावे.

तहाच्या दुसरे दिवशी सकाळी सगुणाबाई जपास बसल्या होत्या. स्वयंपाकघरात भांडे लागल्याचा आवाज आला, मग करपल्याचा वास आला, मग कोणी पातेले घासून दुसऱ्यांदा तांदूळ धुतले. बाईंची माळ चालू राहिली. काही वेळाने नीलकंठ शाळेसाठी शिवून ठेविलेले नवे कपडे घालून बाहेर आले, डब्यास फडके गुंडाळलेले, बोटास तूप लागलेले. आईकडे पाहिले, दार हळूच लोटून घेतले, आणि अंगण ओलांडून समोरच्या इमारतीचा जिना चढू लागले.