मागचा विषय

माणूस कुठेही गेला तरी काही गोष्टी त्याच्याबरोबर जातात, आणि त्यांतल्या काहींबद्दल चारचौघांत बोलता येत नाही. पूर्वी त्या वाटेत कुठेतरी ठेवून पुढे जाण्याची सोय होती. आता प्रगती झाली आहे. आता घरगाडी नावाचं वाहन मिळतं. त्यात ओटा असतो, पलंग असतो, घडीचं टेबल असतं आणि अगदी मागे एक संडास असतो. संडासाखाली टाकी असते. प्रवासी खिडकीतून डोंगर बघत चहा पीत असतात, तेव्हा ही टाकी सगळ्यांचं सगळं मुकाट्याने सांभाळून ठेवते, आणि एके दिवशी भरते.

अशी एक जुनी घरगाडी आमच्या दादाने घेतली. कारण आत्या.

आत्या (वय अडुसष्ट) आमच्याकडे राहते. तिची थोरली बहीण, जिला ती अक्का म्हणते, बसने नऊ तासांवर राहते. आत्याला दर पाऊण तासाने जावं लागतं (कुठे, ते लक्षात आलं असेलच), आणि बस दर पाऊण तासाने थांबत नाही. अक्का येऊ शकली असती. तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, रस्त्याला ती भीत नाही. पण 'धाकटीने थोरलीकडे यायचं' हा तिचा नियम, आणि नियम मोडायचा नसतो याबाबत आमच्या घराण्यात दुमत नाही. या नियमाचं काटेकोर पालन होऊन दोघींची सहा वर्षं भेट झाली नव्हती. दोघी रोज फोनवर बोलत, आणि फोन ठेवल्यावर आत्या थोडा वेळ नुसती बसून राही. ते आम्हाला बघवत नसे. म्हणून गाडी.

गाडीबरोबर आधीच्या मालकाने दोन घडीच्या खुर्च्या, एक पडदा आणि भरलेली टाकी दिली. टाकी किती भरली हे दाखवायला संडासाच्या दाराशेजारी चार दिवे असतात. गाडी आली तेव्हा चारही लागलेले होते. "बॅटरी एकदम मस्त आहे," दादा म्हणाला.

इंजिन तपासायला आलेल्या मेकॅनिकने दिवे बघितले आणि हात पुसत सांगितलं, "पाइप लावून टाकीत भरपूर पाणी भरा. तासभर राहू द्या. मग खालचा मोठा पाइप अंगणातल्या चेंबरला जोडा आणि खटका ओढा. दोनदा करा, झालं."

इतकं सोपं उत्तर, तेही कोणत्याही अभ्यासाशिवाय दिलेलं, स्वीकारणं अर्थातच शक्य नव्हतं. आत्याने मात्र ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं. तिला काहीही लिहून ठेवायची सवय आहे.

आम्ही समिती नेमली. टाकी साफ करण्याची सर्वोत्तम पद्धत निवडणे, एवढंच तिचं काम. दादा अध्यक्ष, कारण गाडी त्याची. वहिनी तज्ज्ञ, कारण त्या शाळेत विज्ञान शिकवतात. धाकटा भाऊ माहिती विभाग, कारण त्याच्या हातून फोन सुटत नाही. आणि मी चिटणीस. एका मोठ्या कचेरीत मी एकतीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली. माझ्या इतिवृत्तामुळे खात्यातला एकही माणूस कधी अडचणीत आला नाही, असं साहेबांनी निरोपसमारंभात सांगितलं होतं. (त्यातून कोणाला काही कळलंही नाही, असं ते पुढे म्हणाले, पण तो कौतुकाचाच भाग होता.)

पहिली बैठक जेवणाच्या टेबलावर भरली. पहिलाच प्रश्न नावाचा निघाला.

"हे बघा, या टेबलावर आपण जेवतो," वहिनी म्हणाल्या. "तो शब्द इथे नको."

टाकी गाडीच्या मागच्या बाजूला. तेव्हा तिला 'मागचा विषय' म्हणावं, अशी सूचना मी मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. नाव सुटसुटीत होतं, सभ्य होतं, ऐकून कोणी नाक मुरडत नव्हतं. ते निर्दोष होतं असं माझं आजही मत आहे. पुढे जे झालं त्याचा दोष भाषेचा आहे.

मग अभ्यास सुरू झाला. धाकट्याने चाळीस व्हिडिओ बघितले. त्यांतल्या सदतीस व्हिडिओंत माणूस टाकीशेजारी उभा राहून हसत होता, म्हणून ते अविश्वसनीय ठरवून बाद करण्यात आले. उरलेल्या तीन व्हिडिओंत तीन निरनिराळ्या पद्धती निघाल्या. पहिली बर्फाची. संडासातून टाकीत बर्फ ओतायचा आणि गाडी फिरवायची, म्हणजे खडे आपटून भिंती घासून निघतात. दुसरी जंतूंची. बाटलीतून जंतू आणून सोडायचे, ते सगळं खाऊन टाकतात. (वहिनींनी विचारलं की खाऊन झाल्यावर ते जंतू कुठे जातात. माहिती विभागाने मुदत मागितली. ती अजून चालू आहे.) तिसरीत नळीच्या टोकाला गरगर फिरणारी तोटी लावून ती आत सोडायची होती, पण ती धरणार कोण, यावर बैठक आटोपती घ्यावी लागली.

बर्फाचा प्रयोग प्रत्यक्ष झाला. दादाने तीन बादल्या बर्फ ओतून गाडी गल्लीतून अकरा फेऱ्या फिरवली. आतून असा खडखडाट येत होता की शेजारची शिवणकामवाली मशीन थांबवून दारात आली. अकराव्या फेरीला एक दिवा विझला. आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी थांबली तसा तो परत लागला. यश पंचवीस टक्के, कालावधी चार सेकंद, अशी नोंद मी घेतली.

दरम्यान आत्याने बॅग भरली. दोन साड्या, औषधांचा डबा, अक्कासाठी स्वतः विणलेली शाल. दर बैठकीला ती दारात येऊन विचारायची, "ठरलं का रे?" आणि मी सांगायचो, "विचाराधीन आहे." तेव्हा तिचा चेहरा उतरायचा. मला वाईट वाटायचं, पण ते इतिवृत्तात कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला कधी कळलं नाही.

पाचव्या बैठकीला दादा नव्हता, दात काढायला गेला होता. मागच्या, म्हणजे चौथ्या, बैठकीत एक विषय लोंबकळत राहिला होता: हातमोजे पिवळे घ्यावेत की निळे. तो आम्ही दहा मिनिटांत संपवला (पिवळे). आणि मी एकतीस वर्षं लिहीत आलो तसं लिहिलं: 'मागचा विषय एकमताने निकाली काढण्यात आला. आता प्रवासाची तारीख ठरवावी.'

दादाने ते घरी येऊन वाचलं. गाल सुजलेला असल्याने त्याने काही न विचारता सही केली. धाकट्याला वाटलं, दादाने केलं असेल. वहिनींना वाटलं, धाकट्याने. मला काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सही झालेल्या इतिवृत्तावर मी शंका घेत नाही.

रविवारी सकाळी निघालो. आत्या पुढे दादाच्या शेजारी, बॅग मांडीवर. दिवे चारही लागलेले होते, पण बॅटरीवर आमचा पूर्ण विश्वास होता. बरोबर पंचेचाळिसाव्या मिनिटाला आत्या उठली. नेमका तेव्हाच गतिरोधक आला. ती मागे गेली, तिने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

"अरे," ती शांतपणे म्हणाली, "तुमचा मागचा विषय पुढे आलाय."

परतीची पंचेचाळीस मिनिटं कोणीही तोंड उघडलं नाही. त्याला वासाचंही कारण होतं. घरी आल्यावर आत्या सरळ आत गेली. तिने बॅग कपाटावर ठेवली, अक्काला फोन लावला, "नाही जमलं गं," एवढंच म्हणाली आणि रडली. ते आम्ही चौघांनी ऐकलं आणि चौघांनाही लाज वाटली. म्हणून आम्ही ताबडतोब चौकशी समिती नेमली.

चौकशीचा विषय होता 'विषय' या शब्दाची व्याख्या. अहवाल माझ्याकडे आला. घरात रोज चार बैठका, दोन टीव्ही आणि सततचे फोन. लिहिण्यासारखी शांत जागा एकच, ती म्हणजे घरातला एकुलता एक संडास. मी वही घेऊन तिथे बसू लागलो. आत्या दर पाऊण तासाने दार वाजवी. "एकच परिच्छेद राहिलाय गं," मी म्हणे.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाहेर दोन आवाज आले. एक आत्याचा. दुसरा सहा वर्षांनी ऐकला.

"अक्का! तू? अगं, तू कशी आलीस?"

"बसने. तू रडलीस ना रविवारी फोनवर. गेला खड्ड्यात तो नियम." मग दार वाजलं. "आत कोण आहे? नऊ तास बसून आलेय मी."

"निष्कर्षावर आलोय," मी म्हणालो.

"हा पोरगा आजारी आहे का गं?"

"नाही. लिहितोय."

"आणि ती अंगणातली गाडी? त्यात नाही का संडास?"

"आहे. पण तो विचाराधीन आहे," आत्या म्हणाली.

दोघी शेजारच्या शिवणकामवालीकडे जाऊन आल्या. पुढचं मी संडासाच्या झरोक्यातून बघितलं आणि वेळेसकट टिपून घेतलं. दहा सत्तावीस: आत्या कॅलेंडर घेऊन आली, अक्का चष्मा लावून त्याची पाठ वाचू लागली. दहा पस्तीस: बागेचा पाइप लावला. मग तासभर दोघी घडीच्या खुर्च्यांवर बसल्या, शाल कधी हिच्या खांद्यावर, कधी तिच्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण मध्येच दोघी इतक्या हसल्या की एक खुर्ची मिटली. अकरा अडतीस: पिवळे हातमोजे. मोठा पाइप चेंबरला जोडला, अक्काने खटका ओढला. मग पुन्हा पाणी, पुन्हा तासभर, पुन्हा खटका, आणि मग आत शिरून फरशी पुसणं. समोरच्या खोलीत बाकीचे सभासद माझ्या अहवालाची वाट बघत बसले होते, त्यामुळे अंगणात समितीपैकी कोणीच नव्हतं.

एक पाचला अक्का चालकाच्या जागी बसली. आत्याने बॅग आत टाकली, घरात आली आणि माझ्या दाराच्या फटीतून एक कागद सरकवला. कॅलेंडरचाच तुकडा होता. 'मागचा विषय संपला. आम्ही दोघी निघालो. एक दिवाही लागत नाहीये, बॅटरी गेली असेल.'

गाडी फाटकातून बाहेर पडली. मला इतका आनंद झाला की मी उठणारच होतो. पण आत्याचा कागद समितीच्या मंजुरीवाचून आलेला असल्याने तो परिशिष्टात कसा जोडावा, हा नवा प्रश्न उभा राहिला, आणि मी पुन्हा बसलो.

तर सर्वोत्तम पद्धत कोणती, हे अजून ठरायचं आहे. अहवाल मी इथेच पुरा करतो आहे. निवांत जागा आता घरात एवढीच उरली आहे, हे मला मान्य आहे आणि तुम्हालाही असणार. नाहीतर टाकीवरचा एवढा मजकूर तुम्ही दुसरीकडे कुठे बसून शेवटपर्यंत वाचला असतात? आता उठताना पाणी तेवढं सोडा. आणि मघापासून दार वाजतंय, ते माझं नाही. माझ्याकडच्या दोघी केव्हाच गेल्या.