माऊसला हात लावू नये

"झेड ड्राइव्ह पुन्हा मेला," आतल्या खोलीतून महागूनं सांगितलं.

दुपारचा दीड वाजला होता. बाहेरच्या खोलीत मेन मशीनसमोर बसून नीळकंठ डबा खात होते. बालाघाटच्या त्या ऑफिसात राइस मिलचे नकाशे तयार होत. सगळे नकाशे मेन मशीनवर असत आणि आतले तीन कॉम्प्युटर ते तारेवरून, झेड ड्राइव्ह नावानं उघडत. सकाळी नीळकंठ मेन मशीनवर पत्रं टाइप करत, तोवर ड्राइव्ह ठीक चाले. दुपारी मात्र असा मंदावे, की महागू फाइलवर क्लिक करून चहा पिऊन यायचा, तरी फाइल उघडलेली नसायची.

मालक गजेंद्रभाऊंनी वारासिवनीहून घनश्याम इंजिनियरला बोलावलं. तो मेन मशीनसमोर बसला आणि त्यानं माऊस हलवला.

"उघडली," आतून महागू म्हणाला.

"अभी तो मैंने कुछ किया ही नहीं," घनश्याम म्हणाला.

दोन तास ड्राइव्ह धावला. घनश्याम बस स्टँडवर पोचला असेल नसेल, तोच पुन्हा मेला. मंगळवारी त्यानं सगळ्या तारा बदलल्या. बुधवारी, जिथं सगळ्या तारा येऊन मिळत, तो हब बदलला. तो समोर बसला की सगळं ठीक, उठून गेला की दहा-पंधरा मिनिटांत तेच.

"मशीन तुमाले भेते, घनश्यामभाऊ," महागू म्हणाला. घनश्यामला ते फार लागलं.

खरं कारण नीळकंठांना बुधवारी कळलं. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई पौषात गेल्या. त्यांच्या फोटोंचा अल्बम मलाजखंडच्या मेहुण्याचा होता, तो परत द्यायचा होता. म्हणून ऑफिसातल्या श्रुतिकानं तीस फोटो स्कॅन करून मेन मशीनवर ठेवले. दहा मिनिटं माऊस हलला नाही की ते पडद्यावर एकामागून एक येत. नीळकंठांनी टेबलावर कागद चिकटवला, 'जेवणाच्या वेळी माऊसला हात लावू नये.' रोज पहिला घास डब्याच्या झाकणात काढून ते वाट बघत. अहिल्याबाई आल्या की जेवत. घरी एकट्यानं घास उतरत नसे, इथं उतरत होता.

बुधवारी घनश्याम गेल्यावर ते जेवायला बसले आणि डब्याचं झाकण माऊसला लागलं. अहिल्याबाई गेल्या. त्याच क्षणी आतून महागू म्हणाला, "उघडली." गुरुवारी नीळकंठांनी मुद्दाम तीनदा धक्का दिला. तीनदा फाइल उघडली. फोटो इतके जड होते, की ते फिरवताना मशीनला दुसरं काही जमत नव्हतं. सांगितलं तर फोटो काढतील, म्हणून नीळकंठ गप्प राहिले. त्या दिवशी त्यांना पहिला घासही गेला नाही.

शुक्रवारी घनश्याम न बोलावता आला. "अब एकच उपाय. फॉरमॅट. नकाशे मी काढून ठेवतो, बाकी सब उड़ जाएगा."

"आज नको," गजेंद्रभाऊ म्हणाले. "अमावस्या हाय." मागच्या अमावस्येला त्यांनीच नवी स्कूटर आणली होती.

"तो कल?"

"उद्याच्या लाइटचा काही भरोसा नाही," महागू म्हणाला.

"सोमवार?"

"सोमवारी माझा उपास असते," श्रुतिका म्हणाली.

उपासाचा फॉरमॅटशी काय संबंध, हे कोणीच विचारलं नाही. नीळकंठांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

शनिवारी चार वाजता लालबर्र्याच्या मिलचा माणूस नकाशा न्यायला येणार होता. दोन वाजता ड्राइव्ह मेला. नीळकंठांनी दारातून पाहिलं. महागू हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसला होता. ओरडतही नव्हता. नीळकंठांनी घास खाली ठेवला आणि ते आत गेले.

"महागू, तुझा ड्राइव्ह मीच मारून राह्यलो. अहिल्याचे फोटो हायेत त्या मशीनवर. काढून टाका."

"तुमचं जेवन झालं, काका?"

"नाही."

"मंग जेवा पयले. चार वाजाले वेळ हाय."

"तुले माहीत होतं?"

"गुरुवारी तीनदा उघडली, तीनदा मेली. म्हून डोकावून पाह्यलं. तुमी धक्का देऊन राह्यलते, अन काकू जाऊन-येऊन राह्यलत्या. मंग गजेंद्रभाऊले सांगतलं."

"हौ," मागं दारात येऊन उभे राहिलेले गजेंद्रभाऊ म्हणाले. "पण तो घनश्याम फॉरमॅटवरच अडला, म्हून अमावस्या सांगतली."

"अन माह्यासाठी तुमी हाल काढून राह्यले? कोणी सांगतलं तुमाले?" नीळकंठांचा आवाज चढला. न चढवता त्यांना बोलताच आलं नसतं.

"अकरा वर्षं दर शनिवारी काकूच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खाल्ल्या, काका," महागू म्हणाला. "दोन दिवसाचं काय घेऊन बसले."

श्रुतिका इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "म्हंजे फोटोनं ड्राइव्ह मरते? मंग काढाचे काहून? लहान केले का झालं. पाच मिनटाचं काम हाय."

"हे आधी नाही सांगता आलं?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

"मले कुठं माहीत? फॉरमॅटमध्ये काकूचे फोटो जातीन म्हून मी उपास सांगतला. तुमी दोघं मले बोललेच नाही."

साडेतीनला नकाशा तयार होता.

सोमवारी घनश्याम पुन्हा आला. ड्राइव्ह धावत होता. "तुमच्या हबनं झालं," महागूनं त्याला सांगितलं, आणि घनश्याम आठवड्यात पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. नीळकंठांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं. सगळे आपापले डबे घेऊन मेन मशीनभोवती जमले. श्रुतिका पोळी-भाजी खात होती. पडद्यावर अहिल्याबाई होत्या. घनश्यामनं लोणच्यासाठी हात लांब केला, कोपर माऊसला लागलं आणि पडदा रिकामा झाला.

सगळ्यांनी हात मागे घेतले. कोणी काही खाईना.

"क्या हुआ?" घनश्यामनं विचारलं. "फिर से बिगड़ा?"

"नाही गा," नीळकंठ म्हणाले. "येते ती. दहा मिनटं लागतेत तिले."

आणि पाचही जण हात मांडीवर ठेवून बसून राहिले.