भूकंपग्रस्तांची रिपीटर बॅच

लातूरच्या आमच्या भूकंप पुनर्वसन माहिती कक्षाचे संकेतस्थळ धोकादायक अवस्थेत असून कधीही कोसळू शकते, असा अहवाल वरिष्ठ कार्यालयाकडून आला. कोसळण्याशी आमचा जुना संबंध असल्याने कुणी फारसे घाबरले नाही.

संकेतस्थळ जुने होते, हे खरे. त्यावर 'सुस्वागतम्' हा एकच शब्द नीट दिसे आणि तो उजवीकडून डावीकडे सरकत राही. बाकीच्या मराठीचे चौकोन झाले होते. पण त्याच्या पोटात त्र्याण्णवच्या भूकंपातल्या प्रत्येक बाधिताची नोंद होती. नाव, गाव, घराचे नुकसान किती टक्के, घरातले कोण वाचले, कोण गेले. हे सारे ज्या सर्व्हरवर होते, तो अभिलेख कक्षात एका स्टुलावर बसवलेला होता. कार्यालयातला एकमेव एसी त्याच्यासाठी होता, म्हणून आम्ही डबे तिथेच खात असू. खंडेनवमीला त्याची पूजा होई. इतक्या वर्षांचे हळदकुंकू पंख्यात जाऊन तो तापतो, असे तज्ज्ञांचे मत पडले.

सगळी माहिती नव्या सर्व्हरवर हलवण्याचा आदेश निघाला. आमचे प्रमुख पंचाक्षरी साहेब नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाहीत. कार्यालयात स्थलांतराचे नियमपुस्तक एकच होते, आणि ते गावांच्या स्थलांतराचे होते. साहेबांनी तेच लावले. जुन्या सर्व्हरला नोटीस चिकटवली की, स्थलांतरास कोणाची हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी. नव्या सर्व्हरच्या जागी नारळ फोडला. शेवटचा नियम असा होता की, लोकांनी माघारी जाऊ नये म्हणून जुनी वस्ती भुईसपाट करावी.

"साहेब, एक कॉपी तर ठिवू," अजहर म्हणाला. अजहर हा नांदेडचा तरुण इंजिनिअर. स्थलांतराचे काम त्याच्याकडे होते.

"म्हणजे लोक दोन्हीकडे राहणार? अतिक्रमण म्हणतात त्याला," साहेब म्हणाले. मुक्काम हलताच जुना सर्व्हर पुसून कोरा करण्यात आला. त्याचा पंचनामा मीच लिहिला.

आता लातुरात सॉफ्टवेअर म्हणजे कोचिंग क्लासचे सॉफ्टवेअर. दुसऱ्या कशाला इथे गिऱ्हाईकच नाही. अजहरनेही क्लासचेच तयार सॉफ्टवेअर आणले होते. फक्त वरची पाटी बदलली होती.

"आतून सगळं सारखंच ऱ्हाते साहेब," तो म्हणाला. "नावं हायेत, टक्के हायेत. कॉलम बराबर जुळून राहिलेत."

ते खरोखरच जुळले. बाधित लोक विद्यार्थ्यांच्या रकान्यात गेले. गावांच्या बॅच झाल्या. घराच्या नुकसानीचे टक्के गुणांच्या रकान्यात जाऊन बसले. मेलेल्यांसाठी मात्र जागा नव्हती, कारण क्लासमध्ये तशी तरतूद नसते. त्यांना 'गैरहजर'मध्ये सामावून घेण्यात आले.

नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्याने निकालाच्या दिवशी करायची सगळी कामे आपणहून केली. ज्यांची घरे पार मातीला मिळाली होती, त्यांना 'शंभर टक्के यशाबद्दल हार्दिक अभिनंदन' असे संदेश गेले. त्यांच्या फोटोंचे फ्लेक्सही छपाईला तयार झाले. ज्यांच्या भिंतींना नुसत्या भेगा पडल्या होत्या, ते नापास झाले. साहेबांना थोडे खटकले, पण लोकांना इतक्या वर्षांनी कुणीतरी चांगले म्हणते आहे, तर आपण का आड यावे, असे त्यांनी ठरवले.

त्याच आठवड्यात औशाकडच्या एका गावाहून धोंडाबाई आल्या. बरोबर नात होती, ऋतुजा.

"गैरहजरीचं कारण सांगाय आले, सायेब."

"कोणाच्या?"

"आमच्या मालकाच्या."

ऋतुजाने मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिले होते, 'आपला पाल्य रामकिशन हा त्र्याण्णवपासून गैरहजर आहे. पालकांनी समक्ष येऊन कारण सांगावे.'

"ते भिताडाखाली गेले," धोंडाबाई म्हणाल्या. "मी लेकराला घिऊन आंगणात बाजल्यावर व्हते, म्हून वाचले."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. "वैद्यकीय दाखला आणलाय का?"

मी बोलायला तोंड उघडले. पण नियमपुस्तक साहेबांच्या हातात होते, आणि माझ्या हातात चहा होता.

ऋतुजा पुढे झाली. "सर, नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागायलाय, भूकंपग्रस्तांच्या जागेवर. ती एकच आशा हाय. आज्जीचा दाखला तुमच्या पोर्टलवर तपासतेत, अन् तिथं आज्जी नापास दाखवायलंय."

नोंद पाहिली. घर आतून सगळे बसले होते, पण दर्शनी भिंत उभी होती. पंचनामा करणाऱ्याने रस्त्यावरूनच पाहिले असावे. नुकसान तीस टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात.

"जुन्या सर्व्हरवर बघा की," ऋतुजा म्हणाली.

"ते गाव आता तिथं नाही," साहेब म्हणाले.

अजहरला राहवले नाही. "मावशी, टेन्शन नका घिऊ. हे सॉफ्टवेअर कुणाला नापास ठिवतच न्हाई. फेरपरीक्षा उघडते."

आणि उघडली. विज्ञानाच्या प्रश्नसंचातून 'भूकंप' हा धडा आपोआप निवडला गेला. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार होते. मी पहिला प्रश्न वाचून दाखवला. "भूकंप होत असताना सर्वप्रथम काय करावे? अ, मजबूत टेबलाखाली बसावे. ब, लिफ्टने खाली यावे. क, खिडकीजवळ उभे राहावे."

"टेबल न्हवता, सायेब."

"आजी, यातलं एक सांगा."

"कुणाच्याच घरात न्हवता. पाटलाच्या व्हता, पर पाटीलबी गेले."

असा पर्याय नव्हता. धोंडाबाईंना तीसचे बावीस झाले.

संकेतस्थळावर 'नवीन प्रवेश' नावाचे एक बटणही होते. क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतेच, काढता येत नाही. ते दाबून परीक्षा देणारा जो पास होईल, तो आपोआप भूकंपग्रस्त ठरे. ही गोष्ट आमच्या लक्षात येण्याआधी औसा रोडवरच्या क्लासवाल्यांच्या लक्षात आली. चौकाचौकात फलक लागले, 'भूकंपग्रस्त स्पेशल क्रॅश कोर्स. निकालाची हमी.' नांदेडहून मुले आली, अर्धापूरच्या केळीवाल्यांनी आपली पाठवली. भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली ही मुले पटापट बाधित होऊ लागली.

साहेबांनी वर कळवले. उत्तरादाखल सन्मानपत्र आले. एकही धक्का न बसता बाधितांची संख्या वाढवणारे हे पहिलेच कार्यालय होते. समारंभात मला मनापासून चीड आली. टाळ्याही मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण मी पुढच्या रांगेत होतो.

ऋतुजाने हार मानली नाही. तिने आजीला औसा रोडच्या क्लासात, नापासांच्या रिपीटर बॅचला बसवले. धोंडाबाई रोज औशाच्या एसटीने येऊन मागच्या बाकावर बसत. तिथले सर फळ्यावर टेबल काढत, टेबलाखाली एक माणूस काढत आणि सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेत. धोंडाबाईही म्हणत.

त्या पास झाल्या, चांगल्या गुणांनी. त्यांचा दाखला अजहरने स्वतः काढून दिला, पण मान वर केली नाही. तोवर विष्णुपुरीच्या भूकंपग्रस्तांच्या जागा भरल्या होत्या. सगळ्या क्रॅश कोर्सवाल्यांनी घेतल्या होत्या.

ऋतुजा दाखल्याकडे बघत राहिली. धोंडाबाईंनी तो नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"सायेब, मास्तर लई चांगलं शिकिवतेत. आता कळलं बगा." त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवला, दाबून पाहिला. "इतकी वर्सं देवाला बोल लावला. चूक आमचीच व्हती. टेबल पायजे व्हता."

मी टेबलावरच्या फायली सरळ केल्या.

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगतो, त्यांना फार वाईट वाटते. काहींचे डोळे भरून येतात. व्यवस्थेला चार शिव्या देतात, धोंडाबाईंसाठी हळहळतात, आणि निघताना मला जरा बाजूला घेऊन क्लासचा पत्ता विचारतात. त्यांच्या घरी कुणीतरी बारावीला असते.

तुम्ही तसे नाही, हे मी धरून चालतो. तरी असावे म्हणून सांगून ठेवतो. औसा रोडला पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा मजला. नवी बॅच सोमवारपासून आहे. जरा लवकर जा, धोंडाबाईंची जागा रिकामी झाली आहे.