चौथी थप्पड

एका जंगलात एक फार प्रेमळ देव होता. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या प्रेमाबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

देवाच्या वतीनं धनेशबुवा बोलत. धनेश म्हणजे, मुलांनो, तो मोठ्या चोचीचा पक्षी. बुवांनी स्वतःच्या बायकोला झाडाच्या ढोलीत चिखलानं लिंपून ठेवलं होतं आणि एका फटीतून ते तिला फळं भरवीत. आता प्रेमावर प्रवचन त्यांनी नाही तर कोणी करायचं?

त्याच जंगलात वानरांची एक टोळी होती. धर्मशास्त्रात अगदीच कच्ची. पण एक रीत तिनं कधी मोडली नव्हती. आईनं खोडकर पोराला एक थप्पड मारावी, दोन माराव्यात, फार तर तीन. चौथीसाठी हात उचलला की टोळीतल्या मावश्या धावत यायच्या आणि पोर आईपासून ओढून घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत आईचा राग जायचा आणि पोर पुन्हा तिच्या कुशीत असायचं.

या टोळीत सगुणा नावाची वानरीण होती. तिचा मुलगा गुंड्या. गुंड्यानं एकदा देवापुढच्या नैवेद्यातलं एक उंबर उचलून तोंडात टाकलं. सगुणानं त्याला दोन थपडा दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी मोडली आणि गुंड्या खाली पडून मेला.

सगुणा चार दिवस त्याला छातीशी धरून हिंडली. शेवटी मावश्यांनी त्याला पानांखाली ठेवलं. मग ती बुवांकडे गेली.

"बुवा, माझा गुंड्या कुठं असेल?"

"नरकात," बुवा म्हणाले. "नैवेद्य उष्टावला होता ना त्यानं?"

"किती दिवस ठेवतील?"

"दिवस कसले? कायमचा."

"एका उंबरासाठी?"

"उंबर लहान असेल सगुणाबाई, पण ज्याचं उचललं तो केवढा मोठा!"

"देव फार रागावलाय का हो?"

"छे छे! देव रागावत नाही. त्याचं गुंड्यावर अपार प्रेम आहे. त्याला जाळताना देवाच्या डोळ्यांत पाणी असतं."

"मग त्या पाण्यानं विझवत का नाही?"

बुवांनी चोच वर केली. हसू नका मुलांनो, विद्वान माणूस अडला की असंच वर बघतो.

"हे तुमच्या बुद्धीपलीकडचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही पुण्यवान आहात. तुम्ही स्वर्गात जाल. तिथून नरक स्पष्ट दिसतो, पण दुःख म्हणून होत नाही."

"पोर जळताना दिसेल आणि मला काहीच वाटणार नाही?"

"काही म्हणजे काही नाही. त्यालाच तर स्वर्गसुख म्हणतात!"

सगुणा तशीच टोळीकडे आली. "मावश्यांनो, चला. तिकडं चौथी थप्पड कधीच होऊन गेली असेल. पोराला ओढून आणू."

मावश्या पानं चघळत राहिल्या. सगळ्यांत थोरली काशी मावशी, निम्मी टोळी तिनंच आयांच्या हातून सोडवलेली, ती म्हणाली, "सगुणे, रीत आयांसाठी असते गं. देवाच्या घरात आपण कशाला पडायचं?"

मग सगुणा एकटीच निघाली.

नरक सगळ्यांना माहीत होता. डोंगरात एक कपार होती आणि तिच्यातून वाफ यायची. प्रत्येक आई लांबून बोट दाखवून पोराला भीती घालायची. आत मात्र कोणी डोकावलं नव्हतं. सगुणा डोळे मिटून आत शिरली.

आत एक गरम पाण्याचा झरा होता. चार वटवाघळं लटकली होती. आग नव्हती, किंकाळ्या नव्हत्या, गुंड्या नव्हता. तिनं कोपरान् कोपरा हातानं चाचपला. मग ती झऱ्याकाठी बसली आणि पोटभर रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

ती धावत जंगलात आली. "नरक रिकामा आहे! कोणी नाही तिथं! देव खरंच प्रेमळ आहे!"

तिला वाटलं, सगळे नाचतील. कोणाचं ना कोणाचं पोर तिथं गेलेलंच होतं की.

कोणी नाचलं नाही.

"रिकामा?" मुंगूसबाई म्हणाल्या. "मग माझी जाऊ कुठं गेली?"

"मी जन्मभर शेजाऱ्याचं गाजर चोरलं नाही," ससोबा ओरडले, "ते काय असंच? तो मेला माझी गाजरं चोरून खात होता आणि तो जळत नाहीये?"

साळिंदर तर रडायलाच लागलं. त्यानं सोळा उपास केले होते.

बुवांनी पंख उचलून सगळ्यांना शांत केलं. "भक्तांनो, घाबरू नका. देव फार हळवा आहे. काही कामं त्याच्या हातून होत नाहीत. ती आपण करायची."

सगळे कामाला लागले. ज्या जंगलात पाणवठ्याची वाट कधी कोणी झाडली नाही, तिथं दुपारपर्यंत कपार लाकडांनी भरली. डोंगरापलीकडं लागलेल्या वणव्यातून निखारे आणले. नरक छान पेटला.

"आत कोण?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी सगुणाकडे पाहिलं.

पहिली जळती काटकी तिच्या पाठीवर बसली. मग दुसरी. मग तिसरी. सगुणानं झाडावर पाहिलं. तिथं टोळी बसली होती. आता चौथी, आणि चौथीला मावश्या येतात. जन्मापासून तिनं हेच पाहिलं होतं.

मावश्या आल्या. पुढं काशी मावशी होती. प्रत्येकीच्या हातात जळती काटकी होती.

तेव्हापासून त्या जंगलातला नरक एक दिवसही रिकामा राहिलेला नाही.

तात्पर्य : देव प्रेमळ आहे असं खुशाल म्हणावं, पण त्याचा पुरावा घेऊन येऊ नये.