मध्यम फेरी आणि चौदा उंट

आपण आखलेलं काही फसत नाही, याबद्दल चारुदत्तला तिळमात्र शंका नव्हती. सौदीतल्या अल खर्जच्या दुधाच्या कारखान्यात तो यंत्रांची देखभाल बघायचा. कुठलं यंत्र कधी उघडायचं, याचा तक्ता त्याच्याकडे वर्षभर आधी तयार असे. जानेवारीतल्या एका शुक्रवारी बायकोला सायकलवर हिंडवून आणायचं ठरलं, तेव्हा त्याचाही तक्ता झाला. फेरी पंचावन्न किलोमीटरची. सातला निघायचं, शेतांमधल्या डांबरी रस्त्याने रेल्वेपर्यंत जायचं, रुळांच्या कडेने चौदा किलोमीटर आणि खजुराच्या बागांतून परत. चार वाजता घरी चहा. वर मथळा होता, ‘फेरी: मध्यम’.

“मध्यम म्हणजे कोणासाठी?” सुनेत्राने विचारलं.

“सर्वसाधारण माणसासाठी.”

“सर्वसाधारण माणूस शुक्रवारी झोपतो रे,” ती म्हणाली, पण तयार झाली.

सुनेत्रा नाशिकला कॉलेजात गणित शिकवायची. रजा काढून ती तीन महिन्यांसाठी इथे आली होती, आवडलं तर राहायचं या बोलीवर. परतीचं विमान येत्या बुधवारी होतं. तीन महिन्यांत तिने पाहिलं काय, तर कॉलनीचं फाटक, सुपरमार्केट आणि दमून आलेला नवरा. राहणार की जाणार, ती बोलत नव्हती आणि विचारायची त्याची छाती होत नव्हती. सगळी भिस्त शुक्रवारवर होती.

तयारीत त्याने कसर ठेवली नाही. आठ लिटर पाणी घेतलं, दशम्या घेतल्या, पंक्चरचं सामान घेतलं. शेतरस्त्यावर टँकर फार, म्हणून बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणून हँडलला बसवला आणि त्याचे नट असे आवळले की काढायला कारखान्यातलंच हत्यार लागावं.

पहिले अठरा किलोमीटर झकास गेले. दोन्हीकडे हिरवागार लसूणघास, अंगाला बोचणारी थंडी. सुनेत्रा चक्क गुणगुणत होती. चारुदत्तने घड्याळ पाहिलं. तक्त्याच्या तीन मिनिटं पुढे.

मग रेल्वे आली. नकाशात रुळांच्या कुंपणालगत एक सरळ करडी रेघ होती. प्रत्यक्षात तिथे रव्यासारखी वाळू होती. चाक अर्धं आत गेलं.

“हा रस्ता आहे?”

“नकाशात आहे.”

“मग नकाशावर चालवू या का सायकल?”

दोघं उतरून सायकली ढकलू लागले. सव्वा तासात तीन किलोमीटर झाले. सुनेत्राचं बोलणं आधी कमी झालं, मग थांबलं. तिच्या चेहऱ्यावर चारुदत्तला बुधवारचं विमान स्पष्ट दिसायला लागलं.

अशात समोर उंट आडवे आले. चौदा होते. चारुदत्तने भोंगा दाबला. चौदाही माना एकदम वर झाल्या.

“बघ, हटतायत,” तो म्हणाला.

ते हटत नव्हते, येत होते. त्याने आणखी लांब भोंगा वाजवला. उंट दुडक्या चालीने निघाले.

“अरे, बंद कर ते.”

“घाबरवल्याशिवाय जायचे नाहीत,” म्हणत त्याने तिसऱ्यांदा दाबला, तशी पंगतीची हाक आल्यासारखी ती फौज धावत सुटली.

नशिबाने रुळांखालून एक अरुंद बोगदा होता. सायकली त्यातून कशाबशा रेटून दोघं पलीकडे आले. तिथे डांबरी रस्ता होता. माणूस घाबरला की पायांना वेगळीच ताकद येते. दोन किलोमीटर त्यांनी मागे न बघता हाणले आणि शेताचं एक उघडं फाटक दिसताच आत घुसले. मागोमाग उंटही एका रांगेत शिस्तीत आत आले, दोघांकडे ढुंकूनही न बघता लसूणघासात शिरले आणि खायला लागले.

पाच मिनिटांत पिकअप आली. शेताचा मालक अबू राकान उतरला आणि हळू आवाजात बराच वेळ अरबीत बोलला. चारुदत्तने घाईघाईने इकामा, म्हणजे इथल्या वास्तव्याचा परवाना, पुढे केला.

“तरी तुला सांगत होते,” सुनेत्रा पुटपुटली.

“अवो, तुमी मराठी?” पिकअपमधून दुसरा माणूस उडी मारून उतरला. हा नसरुद्दीन, मूळचा दापोलीचा, शेतावर पंप सांभाळायचा. “इकामा ठेवा आत, साहेब. शेठ विचारतायत, त्यांचे उंट तुमी कुठे घेऊन निघालात?”

चारुदत्तने सगळं सांगितलं. नसरुद्दीनने भोंगा पाहिला आणि कपाळावर हात मारला. उंटवाला गावी गेला होता, त्याच्या जागी नसरुद्दीन उंटांना चारा घालायचा आणि बोलवायला अस्साच भोंगा वाजवायचा. तो भोंगा आज सकाळी हौदात पडून खलास झाला होता. उंट उपाशीपोटी त्या आवाजाचीच वाट बघत होते.

मालकाने पिकअपचा हॉर्न वाजवून पाहिला. एकाही उंटाने मान उचलली नाही. चारुदत्तने भोंगा दाबला. चौदा माना वर.

आता उपाय एकच होता. पिकअप बोगद्यात मावत नव्हती, पुलावरच्या हमरस्त्याने उंट नेता येत नव्हते आणि भोंग्याचे नट काही सुटेनात. सायकल आणि चारुदत्त यांनीच उंटांना रुळांपलीकडच्या गोठ्यापर्यंत पोचवायचं होतं. पाच किलोमीटर, त्यातले तीन त्याच वाळूतून.

“वहिनी गाडीत बसतील,” नसरुद्दीन म्हणाला. “कुंपणाच्या अल्याडून आमी संगतच येतो.”

अशी वरात निघाली. कुंपणापलीकडे चारुदत्त एका हाताने सायकल ढकलतोय, दुसऱ्याने भोंगा दाबतोय. थांबला की उंट लसूणघासाच्या दिशेने माना वळवायचे. एका पोरसवदा उंटाने तर त्याच्या खांद्यावर हनुवटीच टेकवली. अलीकडच्या रस्त्यावर पिकअप त्याच्या चालीने चालली होती आणि पुढच्या सीटवर सुनेत्रा मालकाच्या थर्मासमधला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत होती. ती इतकी हसत होती की डोळे पुसायला नसरुद्दीनने तिला कागदी रुमालांचा अख्खा डबा दिला. तीन महिन्यांत चारुदत्तने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याला वाईट वाटावं की बरं, हे ठरवायला त्याच्यात दम उरला नव्हता.

दोन वाजता उंट गोठ्यात गेले. पुलावरून वळसा घालून पिकअप आली. अबू राकानने जेवल्याशिवाय सोडलं नाही. सतरंजी पसरली, सुनेत्रासाठी मांसाशिवायचा भात वेगळा आला. जेवण उरकताना मालक नसरुद्दीनशी काहीतरी बोलला.

“शेठ विचारतायत,” नसरुद्दीन म्हणाला, “उंटवाला मार्चशिवाय येत नाय. उंटांना साहेबांचा लळा लागलाय. पुढच्या शुक्रवारी येताल काय?”

चारुदत्तने ताटात पाहिलं. पुढच्या शुक्रवारी सुनेत्रा नाशिकला असणार होती. “बघतो म्हणावं,” तो हळूच म्हणाला. “मी एकटाच असेन बहुतेक.”

“येतो म्हणून सांगा,” सुनेत्रा म्हणाली. “दोघंही येतो.”

“अगं, पण बुधवारी तुझं विमान...”

“विमान पुढे ढकलता येतं,” ती म्हणाली. “तू फक्त चारा किती वाजता घालतात ते विचारून घे. मला गाडीत पुढचीच जागा हवी.”